आपल्या नेत्या ताईंमध्ये वरच्या खुर्चीचा दम आहे का, हे कसं ओळखायचं

कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणाला, आमची सगळी भावकी एकत्र येते आणि जेवणं उरकली की ओट्यावर राजकारण निघतंच. मागच्या श्रावणात विषय निघाला की खान्देशातली बाई राज्याची मुख्यमंत्री होईल का. जिभाऊ म्हणाले होईल, आप्पा म्हणाले काही खरं नाही, आणि बारावीतली माझी पुतणी एवढंच बोलली, "काकू, पण हे सगळे ठरवतात कशावरून?" खरंच की, कशावरून? फ्लेक्सवरचा फोटो बघून, नाहीतर आडनाव बघून. तेव्हा मग आम्ही दोघींनी एक वही केली, आणि त्या वहीतून जी पद्धत तयार झाली ती इथे सांगते, कोणालाही घरबसल्या जमेल अशी आहे.

सुरुवात देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांपासून करा. एकतर त्या आपल्या, बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या, आणि दुसरं म्हणजे त्यांची शिडी अगदी वरच्या पायरीपर्यंत पूर्ण आहे, त्यामुळे काय बघायचं ते नीट कळतं. पानाच्या एका बाजूला साल लिहा, दुसऱ्या बाजूला पद. जन्म 19 डिसेंबर 1934. शिक्षण जळगावच्या एम. जे. कॉलेजात एम. ए., नंतर मुंबईला वकिली, आणि टेबल टेनिस पण चांगलं खेळायच्या. 1962 ला जळगावातून आमदार, वय 27 (आज 27 वर्षांच्या मुलीला आपण घरात भाजी कोणती करायची एवढं तरी ठरवू देतो का, बघा जरा). 1967 पासून एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, तिथून सलग चार वेळा. मध्ये 1965 ला लग्न होऊन अमरावतीच्या शेखावतांच्या घरी गेल्या, तरी मतदारसंघ इकडचाच ठेवला, आणि 1991 ला लोकसभा लढवली ती अमरावतीतून. म्हणजे विधानसभेच्या पाचही निवडणुका माहेरच्या जिल्ह्यातून आणि लोकसभा सासरहून, आणि दोन्हीकडच्या लोकांनी निवडून दिलं! लग्न झालं की बाईचं गाव बदलतं आणि गावाबरोबर तिची ओळखही पुसली जाते, हे ज्या बायकांनी भोगलंय त्यांना ही ओळ लिहिताना काय वाटेल ते मी सांगायला नको.

शिडी लिहून झाली की नुसती पदं मोजू नका, पदांचे प्रकार बघा, माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं. ताईंच्या पानावर उपमंत्री आहे, कॅबिनेट मंत्री आहे, 1979 ला विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद आहे, 1986 ला राज्यसभेचं उपसभापतीपद आहे, मग प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद, आणि 2004 ला राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. आता यातलं प्रत्येक काम वेगळं आहे. मंत्र्याला फायली चालवाव्या लागतात, विरोधी पक्षनेत्याला भांडावं लागतं, उपसभापतीला दोन्हीकडच्यांना सांभाळून सभागृह चालवावं लागतं, आणि पक्षाध्यक्षाला तिकिटावरून रुसलेल्यांना समजवावं लागतं. जिनं फक्त एकच काम वीस वर्षं केलं तिला वरची खुर्ची जड जाते, हे माझं मत आहे, तुम्हाला पटेल न पटेल.

मग वाईट वर्षं शोधा. सगळं चांगलं चाललेलं असताना कोणीही टिकतं. 1978 ला काँग्रेस फुटली, राज्यात शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं, तेव्हा ताई इंदिराबाईंच्या बाजूने राहिल्या आणि विरोधात बसल्या. दुसरी जागा म्हणजे 1996 ते 2004. या आठ वर्षांत त्या खासदार नव्हत्या, आमदार नव्हत्या, मंत्री नव्हत्या. अशी रिकामी वर्षं दिसली की तिथे थांबून बघायचं, पद नसताना बाई काय धरून होती. ताईंचं काय होतं तर संस्था होत्या, मुंबई-दिल्लीत नोकरी करणाऱ्या बायकांसाठी होस्टेल, आणि आपल्याकडे बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज, जळगावहून धुळ्याकडे निघालं की गिरणेचा पूल ओलांडल्यावर लागतं ते. आमच्या नात्यातल्या दोन मुली तिथून शिकून नोकरीला लागल्या.

आणि हो, टीका पण त्याच पानावर लिहायची. 2007 ला राष्ट्रपतीपदाच्या वेळी महिला सहकारी बँक आणि साखर कारखाना या दोन विषयांवरून ताईंवर खूप आरोप झाले होते. आपल्या माणसाचं पान म्हणून ते गाळू नका, कारण उद्या चौकात कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे, आणि सगळं माहीत असूनही आदर वाटतो तोच आदर टिकतो.

पुढची गोष्ट म्हणजे दुसऱ्या पक्षाची माणसं तिच्याबद्दल काय करतात (काय बोलतात ते नाही हं, काय करतात ते). 2007 ला शिवसेना भाजपबरोबर युतीत होती, समोर भाजपच्या पाठिंब्यावर भैरोसिंह शेखावत उभे होते, तरी बाळासाहेबांनी मराठी बाई म्हणून पाठिंबा ताईंना दिला. मतमूल्य (त्या निवडणुकीत आमदार-खासदारांच्या मताला ठरलेली किंमत असते) झालं ताईंचं 6,38,116, शेखावतांचं 3,31,306. वरच्या पदाला आपल्या पक्षाबाहेरची माणसं लागतातच. 25 जुलै 2007 ला ताईंनी शपथ घेतली तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर सासूबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, मला अजून आठवतं. आणि 2009 ला पुण्याला सुखोई विमानात बसल्या त्या 74 व्या वर्षी, तो फोटो आमच्या वहीत चिकटवलाय.

आता हीच पद्धत आजच्यांना लावा, त्यासाठीच तर ही मेहनत. 2024 ला खान्देशातल्या चार लोकसभा जागांपैकी तीन बायकांनी जिंकल्या, रावेरला रक्षाताई खडसे, जळगावला स्मिताताई वाघ, धुळ्याला डॉ. शोभाताई बच्छाव. दोघी भाजपच्या, एक काँग्रेसच्या. रक्षाताई कोथळीच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषद, मग तीनदा खासदार आणि आता केंद्रात राज्यमंत्री. स्मिताताई जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष आणि विधान परिषदेवर होत्या, शोभाताई नाशिकच्या महापौर आणि राज्यात मंत्री होत्या. तिघींची पानं वेगवेगळी करा आणि पक्ष कुठला ते शेवटच्या ओळीत लिहा, फरक पडतो. निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रतिज्ञापत्र मिळतं, त्यात शिक्षण, मालमत्ता, केसेस सगळं असतं. लोकसभेच्या साइटवर कोणी किती प्रश्न विचारले, भाषणात काय बोलल्या ते सापडतं. एक मात्र लक्षात ठेवा, मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, आणि हजेरीच्या वहीत सहीपण करत नाही, त्यामुळे तिथे शून्य दिसलं म्हणून लगेच नाव ठेवू नका. भाषण मात्र पूर्ण ऐका, तीस सेकंदाची रील नाही. चिठ्ठी न बघता कापूस, केळी, पाणी यातल्या कुठल्याही विषयावर आकड्यासकट बोलता येतं का, आणि कोणी मध्येच आडवा प्रश्न टाकला तर मागे उभ्या माणसाकडे बघते का स्वतः उत्तर देते, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

हे मागे बघणं म्हणते ते का, तर माझ्या माहेरच्या गावात एक सरपंचबाई होत्या, पहिलं वर्षभर खुर्चीवर नवराच बसायचा आणि त्या नुसत्या सही करायच्या. मला फार राग यायचा, त्यांचा नाही, सगळ्या गावाचा, कारण सगळे त्यालाच सरपंच म्हणायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात पाईपलाईन फुटली, चार दिवस नळाला पाणी नाही आणि नवरा बाहेरगावी, तेव्हा ह्याच बाई इंजिनिअरसमोर उभ्या राहून असं काही बोलल्या की संध्याकाळी पाणी आलं. त्यानंतर खुर्ची त्यांनी सोडली नाही. म्हणून एक वर्ष बघून निकाल लावू नका, निदान दोन उन्हाळे जाऊ द्या.

महाराष्ट्र 1960 ला झाला, आणि अजून एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. लोकसभा-विधानसभेत बायकांसाठी एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 ला झाला, म्हणजे उमेदवार बायका वाढणार, आणि तेव्हा पक्ष घराघरातून नावं शोधत फिरतील. नुसतं नाव आणि तयार झालेली बाई यातला फरक तेव्हा आपल्याला सांगता आला पाहिजे. मला मनापासून वाटतं की पहिली मुख्यमंत्री तापीकाठची असावी.

पुतणीनं आता वहीत पाचवं पान आमच्या ग्रामपंचायतीतल्या एका सदस्यबाईंचं उघडलंय. पहिली ओळ आहे, "2 ऑक्टोबर, ग्रामसभा, स्वतः उठून बोलल्या, विषय गटार."