प्रायव्हेट पायलटच्या लेखी परीक्षेची तयारी कशी करावी

प्रश्नसंच उघडायचा, उत्तरे पाठ करायची, सराव चाचणीत नव्वदच्या पुढे गुण पडू लागले की परीक्षेची तारीख घ्यायची. बहुतेक विद्यार्थी याच वाटेने जातात. मीही गेलो होतो. एका उन्हाच्या दुपारी विमानाजवळ उभे असताना इन्स्ट्रक्टरने सहज विचारले, "आज उड्डाणाला सकाळपेक्षा जास्त धावपट्टी का लागेल?" डेन्सिटी अल्टिट्यूडवरचे (हवा जितकी विरळ, त्यावरून धरलेली उंची) सगळे प्रश्न सराव चाचणीत माझे बरोबर येत होते, तरी मला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी मी अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. खाली दिलेली पद्धत त्या दुसऱ्या खेपेची आहे.

आधी परीक्षा ओळखून घ्या

हा लेख अमेरिकेतल्या एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) विमान गटातील परीक्षेबद्दल आहे. 'लेखी' म्हणत असले तरी ती संगणकावर होते. ६० प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, म्हणजे ४२ उत्तरे बरोबर हवीत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. युरोपात रचना वेगळी आहे: तिथे नऊ विषय असतात आणि प्रत्येकात ७५ टक्के लागतात. विषय मात्र बरेचसे तेच, कारण हवा आणि विमान दोन्हीकडे सारखेच.

निकाल २४ महिने ग्राह्य असतो. तेवढ्या काळात प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा, म्हणजे चेकराइड, द्यावी लागते. म्हणून उड्डाणाचे शिक्षण सुरू करण्याच्या खूप आधी लेखी उरकून टाकण्यात फायदा नाही. शिकलेले वापरले गेले नाही की विसरते. माझ्या मते योग्य वेळ म्हणजे आठ-दहा उड्डाणे झाल्यानंतरची आणि एकट्याने लांबचा प्रवास करण्याच्या आधीची. तोवर कॉकपिटमधली उपकरणे ओळखीची झालेली असतात आणि पुस्तकातली वाक्ये डोळ्यांपुढे उभी राहतात.

साधने मोजकीच ठेवा

एफएएची मूलभूत ज्ञानाची हँडबुके मोफत मिळतात, तीच मुख्य पाठ्यपुस्तके समजा. त्यांच्यासोबत चालू वर्षाचे नियमपुस्तक, एक प्रश्नसंच, प्लॉटर (नकाशावर दिशा आणि अंतर मोजायची पट्टी) आणि ई-६-बी हा फ्लाइट कॉम्प्युटर (वारा, वेळ, इंधन यांच्या हिशेबाचे साधन) घ्या. परीक्षेत नकाशे आणि आलेख ज्या पुरवणी पुस्तिकेतून दिले जातात, ती पुस्तिकाही मोफत उपलब्ध आहे. ती पहिल्या आठवड्यापासून हाताळा. कोणते कोष्टक कोणत्या पानावर आहे याची सवय झाली की ऐन परीक्षेत बरीच मिनिटे वाचतात.

रोज एक तास दिलात तर सहा ते आठ आठवडे धरा. आठवडाभर काही न वाचता रविवारी सलग सात तास बसण्याने या विषयात काही हाती लागत नाही.

क्रम: विमान, हवा, वाट, नियम

सुरुवात विमान का उडते आणि का थांबते इथून करा. स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल एकदम घटण्याचा, संबंध वेगापेक्षा पंखाच्या आघातकोनाशी (पंख आणि समोरून येणारी हवा यांतल्या कोनाशी) आहे, हे एकदा नीट पटले की पुढचे अनेक प्रश्न आपोआप सुटतात. ६० अंशांच्या कललेल्या वळणात, उंची कायम ठेवली तर, पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात ५० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होणारे विमान त्या वळणात ७१ नॉटच्या आसपासच स्टॉल होईल. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात घाईने जास्त कलू नका असे इन्स्ट्रक्टर का बजावतात, ते या एका आकड्यात आहे.

इंजिन आणि उपकरणे वाचताना "हे बिघडले तर मला काय दिसेल?" हा प्रश्न विचारत राहा. कार्ब्युरेटरमध्ये (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरू लागला तर पात्यांचा कोन न बदलणाऱ्या पंख्याच्या विमानात पहिली खूण म्हणजे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, उतरणे. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) दिल्यावर ते आणखी उतरते आणि बर्फ वितळला की हळूहळू चढते. स्टॅटिक छिद्र (बाहेरच्या हवेचा दाब घेणारे) बुजले तर वेगदर्शक, उंचीमापक आणि चढ-उतार दर्शक ही तिन्ही उपकरणे बिघडतात. पिटो नळी (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी) बुजली तर फक्त वेगदर्शक.

मग हवामान. इथे वेळ द्या, घाई करू नका. पुन्हा त्या उन्हाच्या दुपारी जाऊ आणि हिशेब मांडू. विमानतळाची उंची ४,८०० फूट, उंचीमापकाची सेटिंग (हवेचा दाब, इंच पाऱ्यात) २९.७२, तापमान ३० अंश सेल्सिअस. प्रमाण दाब २९.९२, म्हणजे ०.२० इंचाचा फरक. एक इंचाला साधारण १,००० फूट, म्हणून २०० फूट मिळवायचे. दाब कमी असेल तर मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे. प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाब धरून येणारी उंची) झाली ५,००० फूट. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना दोन अंश कमी, म्हणून ५,००० फुटांवर ५ अंश. प्रत्यक्षात ३०, फरक २५ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर ३,००० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड ८,००० फूट. विमान जमिनीवर उभे आहे, पण पंख, पंखा आणि इंजिन यांना हवा मिळते आहे आठ हजार फुटांवरची. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पंख्याची पकड घटते, आणि वेगदर्शकावर तोच वेग दिसायला जमिनीवर जास्त वेगाने धावावे लागते. धावपट्टी लांब लागते ती या तीन कारणांनी. हा हिशेब वेगवेगळे आकडे घेऊन दहा वेळा हाताने करा.

हवामान अहवाल वाचणे हा रोज पाच मिनिटांचा सराव आहे. वाऱ्याचा गट '२४०१२ जी २० केटी' असा दिसला तर वारा २४० अंशांकडून १२ नॉट, झोत २० नॉटपर्यंत. लक्षात ठेवा: अहवालात वाचलेला वारा खऱ्या (नकाशावरच्या) उत्तरेवरून मोजलेला, विमानतळाच्या नियंत्रण टॉवरकडून ऐकलेला वारा चुंबकीय उत्तरेवरून. धावपट्टीचे क्रमांक चुंबकीय दिशेवर असतात, म्हणून उतरणाऱ्या वैमानिकाला टॉवर त्याच भाषेत वारा सांगतो.

नेव्हिगेशनमध्ये गोंधळ होतो तो दिशांच्या रूपांतरात. खरी दिशा, त्यात वाऱ्याची दुरुस्ती, मग चुंबकीय फरक (खरी आणि चुंबकीय उत्तर यांतला कोन), मग होकायंत्राचे विचलन (विमानातल्या धातू आणि उपकरणांमुळे येणारी चूक), हा क्रम कागदावर आडवा लिहून त्याखाली आकडे भरा. पूर्वेचा फरक वजा, पश्चिमेचा अधिक. वाऱ्याची दुरुस्ती केल्यावर हेडिंग (विमानाचे नाक ठेवायची दिशा) ०८५ आले, चुंबकीय फरक १० अंश पश्चिम आहे, तर चुंबकीय हेडिंग ०९५. मनातल्या मनात करायला जाऊ नका. साध्या बेरजेत चिन्ह उलटे पडले की २० अंशांची चूक होते.

नियम शेवटी ठेवले तरी चालतात, कारण ते पाठच करावे लागतात, आणि परीक्षेच्या जवळ पाठ केलेले टिकते. दृश्य नियमांनी उडताना दिवसा किमान अर्ध्या तासाचे राखीव इंधन, रात्री पाऊण तासाचे. मद्यपानानंतर किमान आठ तास उड्डाण नाही. प्रवासी घेऊन जायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग. ढगांपासूनच्या अंतरासाठी विद्यार्थ्यांमध्ये एक खूण प्रचलित आहे: 'तीन सेस्ना १५२'. म्हणजे दृश्यमानता तीन मैल, ढगाच्या वर १,००० फूट, खाली ५००, बाजूने २,०००. हे १०,००० फुटांखालच्या क्लास ई हवाईक्षेत्राला (नियंत्रित आकाशाच्या वर्गांपैकी एकाला) लागू आहे. इतर क्षेत्रांचे आकडे याच्याशी ताडून पाहत लावले की घोळ होत नाही.

प्रश्नसंच केव्हा आणि कसा

एक प्रकरण पूर्ण वाचल्याशिवाय त्याचे प्रश्न सोडवू नका. सोडवताना बरोबर पर्याय निवडून पुढे जाऊ नका, उरलेले दोन का चूक आहेत तेही स्वतःला सांगा. वेळ लागतो, पण खरा अभ्यास इथेच होतो, कारण चुकीचे पर्याय उगाच दिलेले नसतात. नेहमीच्या चुकीतून येणारे उत्तर बरेचदा त्यांच्यात बसलेले असते.

वजन आणि तोल यांचे उदाहरण घ्या. रिकामे विमान १,५०० पौंड, आर्म (ठरलेल्या आधाररेषेपासूनचे अंतर) ३९ इंच. पुढचे दोघे मिळून ३४० पौंड, ३७ इंचांवर. इंधन ४० गॅलन, ४८ इंचांवर. सामान २० पौंड, ९५ इंचांवर. पेट्रोलचा एक गॅलन सहा पौंडांचा, म्हणून इंधन २४० पौंड. एकूण वजन २,१०० पौंड, एकूण मोमेंट (प्रत्येक वजन गुणिले त्याचा आर्म, सगळ्यांची बेरीज) ८४,५००, भागिले की गुरुत्वमध्य ४०.२ इंचांवर. घाईत गॅलनचे पौंड करायचे राहिले तर वजन १,९०० आणि गुरुत्वमध्य ३९.४ इंच येतो. हे उत्तर पर्यायांत दिसले की बरोबरच आहे असे वाटून माणूस पुढे जातो. परीक्षेत एक गुण जाईल. प्रत्यक्षात मात्र आपण समजतो त्यापेक्षा २०० पौंड जड विमान घेऊन उड्डाण करू.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. तीत प्रश्न उतरवू नका, चुकीचे कारण एका ओळीत लिहा: 'एकक बदलले नाही', 'नकाशावर तुटक निळी रेघ म्हणजे क्लास डी, मी सी समजलो', 'प्रश्नातला नाही हा शब्द सुटला'. दोन आठवड्यांत तुमच्या चुकांचे चार-पाचच प्रकार आहेत हे दिसेल. मग त्याच दुरुस्त करायच्या.

शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस

घड्याळ लावून पूर्ण ६० प्रश्नांच्या चाचण्या द्या. सलग तीन चाचण्यांत ८५ च्या वर गुण आल्याशिवाय तारीख घेऊ नये असे मला वाटते. परीक्षेला बसण्यासाठी इन्स्ट्रक्टरचे एंडोर्समेंट (तयारी झाल्याची लेखी शिफारस) किंवा ग्राउंड (वर्गातला) अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागतो, तो आधीच घेऊन ठेवा. ओळखपत्रावरचे आणि नोंदणीतले नाव जुळते का तेही पाहा.

परीक्षेत पहिल्या फेरीत नियम, व्याख्या, उपकरणे यांचे प्रश्न संपवा. आलेख आणि नकाशाचे प्रश्न खूण करून ठेवा आणि दुसऱ्या फेरीत शांतपणे सोडवा. आलेखावर बोटाने रेघ ओढू नका, कागदाची सरळ कड लावा. दोन पर्यायांमधला फरक बोटाच्या जाडीएवढाच असू शकतो.

निकालपत्रावर गुणांबरोबर चुकलेल्या विषयांचे संकेतांक छापलेले असतात. ते पत्र नीट जपून ठेवा, चेकराइडला ते सोबत न्यावे लागते आणि परीक्षक तोंडी प्रश्न त्या संकेतांकांवरही विचारतात. घरी आल्यावर प्रत्येक संकेतांक कोणत्या मुद्द्याचा आहे ते काढा आणि चुकांच्या वहीत लिहा. मग तो मुद्दा इन्स्ट्रक्टरला समजावून सांगा, त्यांच्याकडून समजावून घेऊ नका. बोलताना जिथे अडाल तिथले पान उघडा.