ड्रॅगनवालं पुस्तक मागणाऱ्या मुलांना काय द्यावं

आठवी-नववीतलं पोर वाचनालयात येऊन "काकू, ड्रॅगनवालं काहीतरी द्या" म्हणालं, की मी आधी विचारते, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंस? आवडलेल्या पुस्तकांची नावं मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणूनही सांगतात. टाकलेल्याबद्दल मात्र खरं बोलतात. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

"काही घडतच नाही," ही तक्रार बहुतेक वेळा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची. सिनेमा बघून आलेलं मूल पहिल्याच पानांत हॉबिट नावाच्या छोट्या चणीच्या लोकांच्या चालीरीती आणि त्यांची तंबाखू यांत अडकतं. ती प्रस्तावना खुशाल सोडायला सांगा. पण पुढेही बिल्बो या म्हाताऱ्या हॉबिटच्या वाढदिवसानंतर नायक फ्रोडो घर सोडतो तो तब्बल १७ वर्षांनी! अशा मुलाला आधी 'द हॉबिट' (१९३७) द्या. दोन्हींचा लेखक टॉल्किन, पण हा त्याने मुलांसाठीच लिहिला. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके बिल्बोच्या घरात घुसून फराळाचा फडशा पाडतात. तरीही गाडी अडलीच, तर पाचवं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. अंधाऱ्या गुहेत गोलम नावाच्या विचित्र प्राण्याशी बिल्बोची कोड्यांची पैज, आणि हरलास तर तुलाच खाणार. इंग्रजीची धास्ती असेल, तर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद आहे, 'स्वामी मुद्रिकांचा'.

"फार बाळबोध वाटलं," म्हणणाऱ्याला अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). जेमतेम दोनशे पानांचं. गेड नावाचा पोरगा निव्वळ घमेंडीपायी एका मृत स्त्रीचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली जगात शिरते. पुढचं सगळं पुस्तक त्या सावलीचं. हा गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे. मुखपृष्ठांवर मात्र त्याला वर्षानुवर्षं गोरा रंगवला गेला, आणि त्यावर ले ग्विन स्वतः चिडायच्या. लढाया मागणाऱ्याला हे देऊ नका, दुसऱ्या दिवशी परत येईल.

त्याच्यासाठी ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न' (२००६). यातली नायिका विन धातू गिळून पोटात 'जाळते': पोलादाने धातूच्या वस्तू ढकलता येतात, लोखंडाने ओढता येतात. गेम खेळणाऱ्या मुलांना असे नियम पक्के लागतात. पुस्तक जाडजूड आहे, पण पहिल्या भागाची गोष्ट पहिल्या भागात नीट संपते.

स्वतः वहीत कादंबरी लिहिणारं पोर असेल, तर 'एरागॉन' ही ड्रॅगनवालीच कादंबरी. लेखक पाओलिनीने ती पंधराव्या वर्षी लिहायला घेतली होती, हे आवर्जून सांगा.

'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये मुलं आहेत, पण ती मुलांची गोष्ट नाही. बलात्कार, कत्तली, सगळं आहे. अकरावी-बारावीच्या आधी मी देत नाही. देताना सांगते की या पुस्तकमालिकेचा पाचवा भाग २०११ ला आला आणि पुस्तकांतली गोष्ट तिथेच थांबलीय.

एका वेळी दोनच पुस्तकं हातात ठेवा, कथानक सांगत बसू नका. आणि पहिला भाग देण्याआधी दुसरा कपाटात आहे ना, ते बघा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला आधी फोन करा.