पहिली हीट: रक्त फिकं पडलं की खरी राखण सुरू

साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत कुत्री पहिल्यांदा माजावर येते. पामेरियनसारख्या लहान जाती लवकर येतात, ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना दीड-दोन वर्षंही लागतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदाच्या आसपास असतो हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. घरातली कुत्री मात्र बारा महिन्यांत कधीही हीटवर येऊ शकते, तेव्हा भादव्याची वाट बघत गाफील राहू नका.

खुणा सोप्या आहेत. मागची जागा सुजते, ती सारखी चाटते, फिरायला नेलं की दहा ठिकाणी थोडी थोडी लघवी करते आणि मग फरशीवर रक्ताचे थेंब दिसतात. काही कुत्र्या इतक्या स्वच्छ असतात की एक थेंब खाली पडू देत नाहीत. म्हणून सहा महिने उलटले की रोज सकाळी पांढऱ्या सुती फडक्याने ती जागा हलकेच टिपायची सवय ठेवा. ज्या दिवशी फडक्यावर पहिला डाग दिसेल, ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

पहिला आठवडा

यात फार काही नसतं. सोफ्यावर जुनी चादर टाका, तिला बसायला धुता येईल अशी गोधडी द्या. डायपर हवा असेल तर लहान बाळाच्या डायपरला शेपटीपुरतं भोक पाडलं की झालं. दर तीन-चार तासांनी बदला आणि दिवसातून बराच वेळ तिला मोकळं ठेवा, नाहीतर पुरळ येतं. कमी जेवली तर मागे लागू नका. मलूल दिसते म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. माणसाच्या या गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरतात. वास लपवायला शेपटीला बाम किंवा कापूर लावायचा सल्ला हमखास मिळतो, तोही ऐकू नका. ती ते चाटते, पोटात जातं, आणि नराला वास यायचा तो येतोच.

या आठवड्यात नर मागे लागतात, पण ती त्यांच्यावर गुरगुरते आणि खाली बसून घेते. त्यामुळे घरच्यांना वाटतं, आपली पोरगी शहाणी आहे, कुणाला जवळ येऊ देत नाही.

दुसरा आठवडा, इथेच घात होतो

आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास फडक्यावरचा लाल रंग कमी होतो. डाग मटण धुतलेल्या पाण्यासारखा फिकट गुलाबी दिसायला लागतो, कधी नुसता पिवळसर. लोक सुटकेचा श्वास टाकतात, डायपर काढतात आणि तिला पुन्हा खाली मोकळं सोडतात. गर्भ राहण्याचे दिवस नेमके हेच असतात. या एका गैरसमजापायी नको असलेली पिल्लं जन्माला येताना मी इतकी पाहिली आहेत की आता कुणी 'ब्लीडिंग थांबलं' म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

मला स्वतःला सुरुवातीला हाच टप्पा सर्वांत जड गेला, कारण दिवस मोजून तो पकडता येत नाही. पुस्तकात नववा दिवस लिहिलेला असतो, पण एखादी सहाव्याच दिवशी तयार होते, तर एखादी पंधराव्या दिवशी. त्यातून पहिल्या हीटला एक वेगळा घोळ होतो. डाग सुरू होतात, बंद पडतात आणि काही आठवड्यांनी खरी हीट येते. म्हणून दिवसांवर विसंबू नका, तिच्याकडे बघा. शेपटीच्या मुळाशी, कमरेवर बोटांनी खाजवा. तयार झालेली कुत्री जागच्या जागी उभी राहते, मागचे पाय ताठ करते आणि शेपूट एका बाजूला वळवून धरते. ही खूण दिसली की समजा, कालपर्यंत गुरगुरणारी तुमची पोरगी आज स्वतः दार उघडायची वाट बघते आहे.

आता राखणीचं. पहिल्या डागापासून पूर्ण चार आठवडे, आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत, पट्ट्याशिवाय एक पाऊलही बाहेर नाही. गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून निसटणं तिला अवघड नसतं, म्हणून पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला आणि दोर दोन्हींत अडकवा. गच्ची किंवा बाल्कनी असेल तर शी-शू तिथेच उरका. तिच्या लघवीचा वास नरांना थेट तुमच्या दारापर्यंत घेऊन येतो, तेव्हा गेटजवळ केलीच तर बादलीभर पाणी ओता. बंगल्याच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका. चार फुटांची भिंत गावठी कुत्रा सहज चढतो. कामाच्या मावशींना, दूधवाल्याला आणि घरातल्या मुलांना स्पष्ट सांगा की दार अर्धवट उघडं ठेवायचं नाही. बहुतेक कुत्र्या निसटतात त्या पार्सल घेतानाच.

घरात नर असेल तर त्याला या काळात दुसऱ्या घरी पाठवा. सख्खा भाऊ आहे, लहान आहे, ही कारणं कुत्र्यांना लागू होत नाहीत. नसबंदी नुकतीच झाली असेल तरी पुढचे काही आठवडे तो धोक्याचाच.

रस्त्यात चार-पाच नर घेरून आले तर तिला भिंतीच्या बाजूला घ्या, स्वतः मध्ये उभे राहा आणि छत्री उघडून पुढे धरा. दगड मारू नका. आपापसात भांडणाऱ्या नरांच्या मध्ये हात तर मुळीच घालू नका. चावा बसलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

नराला चिकटलीच तर

ओढू नका, पाणी ओतू नका, काठी मारू नका. नराच्या इंद्रियाचा मुळाकडचा भाग आत फुगलेला असतो. जबरदस्तीने सोडवायला गेलं तर दोघांनाही गंभीर इजा होते. पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत लागू शकतं. तिचं डोकं धरून शांत बोलत राहा, बघ्यांना हाकला, आपोआप सुटतील. मग तारीख लिहा आणि डॉक्टरांकडे जा. गर्भ राहू नये म्हणून कुणाच्याही हातून इंजेक्शन टोचून घेऊ नका. यासाठी दिलं जाणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयात पू करू शकतं, अस्थिमज्जेलाही मारक ठरू शकतं. महिन्याभरात सोनोग्राफीत गर्भ दिसतो आणि निर्णय घ्यायला वेळ मिळतो. गाभण राहिली तर साधारण 63 दिवसांनी विते. आणि तेवढ्याने राखण संपत नाही. सूज उतरली नसेल तर दुसऱ्या नरापासूनही गर्भ राहतो, एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात.

रस्त्यावरच्या नराशी संबंध आला असेल तर पुढचे काही महिने लक्ष ठेवा. हीट संपल्यावरही मागून रक्त ठिबकत असेल, आत लालसर ठिसूळ गाठ दिसत असेल, तर तो संबंधातून पसरणारा ट्यूमर असू शकतो. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत तो भरपूर आहे. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, पण दाखवायला उशीर करू नका.

नंतर

'एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तब्येतीला चांगलं असतं' या सल्ल्याला काहीही आधार नाही. अजून स्वतःच वाढत असलेल्या आठ-नऊ महिन्यांच्या पोरीवर बाळंतपण लादणं मला क्रूर वाटतं. नसबंदी करायची असेल तर हीट संपल्यावर दोन-तीन महिने थांबा. हीटमध्ये तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि शस्त्रक्रियेत रक्तस्राव जास्त होतो.

दीड-दोन महिन्यांनी सडांत दूध उतरलं, खेळणं कुशीत घेऊन बसायला लागली, तर घाबरू नका. ते खोटं गाभणपण असतं. दूध पिळू नका, आपोआप ओसरतं. पण याच दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, जेवण टाकलं, उलट्या झाल्या किंवा मागून घाण वासाचा पू आला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता धरा. काही वेळा पू बाहेर येतच नाही, आतच साठतो, आणि तो प्रकार जास्त घातक असतो. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री न्या आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी कॅलेंडरवरची ती पहिल्या डागाची तारीख सांगा.