घरच्या अल्बममधून स्वतःचं काल्पनिक चित्र कसं करावं

आधी माणूस बसवा, मग स्कॅनर. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसासमोर फोटोंची पेटी उघडा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होऊ द्या. माझी आजी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, एका फोटोवर अडली. निंबाला झोका, झोक्यावर दोघी आणि चौकटीच्या कडेला तिसरीचा नुसता हात. ‘हाई कोन शे?’ तिलाच आठवेना. मी ठरवलं, ती तिसरी मी; फोटोत स्वतःला जोडायचं.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखानं उचकटू नका. दात साफ करायचा फ्लॉस फोटोमागून करवतीसारखा फिरवा. तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. 4×6 इंची फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) 2400×3600 पिक्सेल देतो, दुप्पट मोठा छापायला तेवढं पुरतं. मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का, पेनानं लिहिलेली तारीख पुढे कामाला येते.

लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल, तर तिचं झाकण उचलून फितीवर पांढरी बुरशी आहे का बघा. असेल तर व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड बिघडतं. (आमच्याकडची हळदीची कॅसेट अशीच गेली.) चांगली असेल तर व्हीसीआर आणि कॉम्प्युटर जोडणारं कॅप्चर उपकरण लावून कॉम्प्युटरवर उतरवा. सेकंदाला 25 चौकटी मिळतात, पण हलत्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात; त्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ करून काढाव्या लागतात. मी नाच सोडून देते आणि पंगत बघते. व्हिडिओवाल्याच्या लाइटनं डोळे बारीक करून वरणबट्टी चुरणारी माणसं पोज घेत नाहीत.

आता चित्रात खोटं बोला, पण एकच. चित्रकार विवान सुंदरम यांनी 2001-02 मध्ये आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले. वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत आली, तरी खोल्या आणि चेहरे खरेच राहिले. नवखा माणूस साडी, घर, झाड सगळंच बदलतो आणि मग कशावरच विश्वास बसत नाही.

सावली चुकली की सोंग उघडं पडतं. आखाजीच्या फोटोत ती झोक्याच्या बरोबर खाली होती, म्हणून मीही भर दुपारी बाराला, आजीचीच साडी नेसून फोटोसाठी उभी राहिले. कॉम्प्युटरवर दोन्ही फोटोंचं जोडकाम झाल्यावर चित्र छापा आणि तो कागद पुन्हा स्कॅन करा; जुन्या-नव्याचा पोत एक होतो. फोटोतली माणसं हयात असतील तर दाखवण्याआधी त्यांना विचारा.

आजीनं चित्र बराच वेळ न्याहाळलं. मला ओळखलं नाही. साडी मात्र लगेच ओळखली आणि परत मागितली.