फ्रॅटर्निटीचा इतिहास लिहायला बसताना

डी.ओ.च्या, म्हणजे अमेरिकेतल्या ऑस्टिओपथी डॉक्टरकीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या क्लबचा, इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी अध्यक्षांच्या नावांची यादी करायला घेतली. दोन आठवडे गेले, हाती काहीच लागलं नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर यादी बाजूला ठेवा आणि कर्क्सव्हिलपासून सुरुवात करा.

मिसुरी राज्यातलं हे छोटं गाव. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये तिथे ऑस्टिओपथीचं, म्हणजे हाडं-स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्यावर भर देणाऱ्या वैद्यकाचं, पहिलं कॉलेज काढलं. 1864 मध्ये मेंदूज्वराने त्यांची मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. हे आधी मांडा. आमच्या पेशाला सगळ्या राज्यांत डॉक्टरकीचा पूर्ण परवाना मिळायला 1973 साल उजाडलं. इतर डॉक्टर ज्यांना आपल्यातलं मानत नव्हते, ती पोरं एकमेकांना का धरून राहिली, ते मग आपोआप उलगडतं.

सनावळी थोडक्यात आटपा: 1898 मध्ये मुलांचा ॲटलस क्लब, 1904 मध्ये मुलींची डेल्टा ओमेगा, 1921 मध्ये गुणवत्ता आणि सेवा पाहून सभासद घेणारी सिग्मा सिग्मा फाय. सगळ्यांचा जन्म कर्क्सव्हिलचाच. मात्र एका ठिकाणी थांबा. कॉलेजच्या पहिल्याच वर्गात मुली होत्या, मग क्लब वेगळे का? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुने ग्रुप फोटो भिंगाखाली बघा. मला सापडलेल्या एका फोटोत उंच कॉलरच्या, अंबाडा घातलेल्या सात मुली आहेत. मधलीच्या मांडीवर कवटी. खाली नुसती आद्याक्षरं आणि आडनावं. लग्नानंतर आडनाव बदललं की बाई कागदावरून गायब होते, म्हणून पदवीचं साल आणि गाव धरून शोधा. त्यातल्या दोघी मला अशाच सापडल्या, त्या दिवशी मला रडू आलं.

एखादी शाखा बंद पडलेली दिसली तर कारण शोधा. 1962 च्या सुमारास कॅलिफोर्नियात कितीतरी डी.ओ.नी एम.डी. (अमेरिकेतल्या इतर डॉक्टरांची नेहमीची पदवी) घेतली आणि लॉस एंजेलिसचं ऑस्टिओपथी कॉलेजच एम.डी.चं झालं; मग तिथे डी.ओ.ची शाखा कुठून उरणार?

शेवटी म्हाताऱ्या सभासदांना फोन करा, सकाळी, ते ताजेतवाने असताना. आणि ठेवण्याआधी विचारा, "माळ्यावरच्या पेटीत अजून काय आहे?"