सर्व्हरची रॅम मागवण्याआधी जुन्या स्टिकचं लेबल वाचा

सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या कोटेशनमधला ३२ जीबी रॅमचा आकडा बघून घाम फुटतो. बाहेरची लावावी तर सर्व्हर रुसेल ही धास्ती. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात मी आता असं करतो.

१. सर्व्हर बंद करून आतली एक स्टिक काढा, लेबलचा फोटो घ्या. कंपनीच्या स्टिकरशेजारी बहुतेकदा सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनचा मूळ पार्ट नंबर असतोच.
२. भाव त्याच नंबरावर मागा. नुसतं ‘ईसीसी’ (चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम) म्हणू नका. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड हे रॅमचे दोन वेगळे प्रकार, दोन्ही ईसीसीत मिळतात, पण एकत्र चालत नाहीत. (यात एकदा हात पोळलेत.)
३. आधी एकच स्टिक आणा. शुक्रवारी संध्याकाळी लावून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालू सोडा. सोमवारी एरर नसेल तर बाकीच्या घ्या, बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून घ्या.

डिस्क मात्र मी कंपनीचीच घेतो. अनोळखी डिस्कचं तापमान कळलं नाही की काही सर्व्हर पंखे सतत जोरात फिरवतात.

जुन्या स्टिक भंगारात देऊ नका. सपोर्टला फोन केला की आधी बाहेरचे पार्ट काढायला सांगतात.