घड्याळांचा संग्रह करताना हौसेचे आणि गुंतवणुकीचे पैसे वेगळे कसे ठेवावेत

संग्रहासाठी पहिले घड्याळ घेण्यापूर्वी एक वही करावी आणि तिच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात हौसेखातर घेतलेली घड्याळे लिहावीत आणि दुसऱ्यात पुढेमागे विकून पैसे वसूल व्हावेत या अपेक्षेने घेतलेली. घड्याळ कोणत्या रकान्यात जाणार हे ते विकत घेण्याच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवावे, कारण एकदा घेतल्यानंतर प्रत्येक घड्याळ, विशेषतः ऐपतीबाहेर जाऊन घेतलेले, आपल्याला आपोआप गुंतवणूक वाटू लागते. बनावट मालाने फसलेले संग्राहक मी पाहिले आहेत, पण या एका गोंधळापायी पैसे घालवलेले त्याहून पुष्कळ अधिक पाहिले आहेत, आणि त्यांत मी स्वतःही आहे.

हौसेच्या रकान्याचा नियम सोपा आहे : त्यातले पैसे संपले असे धरून चालावे. मात्र आपण नेमके कशासाठी पैसे मोजत आहोत हे आधी समजून घेतले पाहिजे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको या जपानी कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ, म्हणजे सेल आणि स्फटिकावर चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीला आणले, आणि पुढे क्वार्ट्झ स्वस्त झाल्यावर अचूक वेळ ही महागड्या घड्याळाची मिरवण्यासारखी बाब राहिली नाही. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. चांगल्या यांत्रिक, म्हणजे चावीच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या, घड्याळाचे ठोके सहसा तासाला २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ असतात. अचूकतेचे स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक यंत्रालाही दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी मुभा असते, तर सर्वसाधारण क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरात पंधरा-वीस सेकंदांपलीकडे क्वचितच चुकते. तेव्हा यांत्रिक घड्याळाला दिलेले जास्तीचे पैसे हे कारागिरीचे, रूपाचे, इतिहासाचे आणि आतल्या हालचालीच्या कौतुकाचे असतात. हे मान्य असेल तर ते पैसे खुशाल द्यावेत. मान्य नसेल तर १९८९ पासून बाजारात असलेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू घ्यावे आणि निश्चिंत व्हावे. (ते माझ्याकडेही आहे आणि सर्वाधिक वापरले जाणारेही तेच आहे.)

आपली आवड कशात आहे हे वाचून कळत नाही, मनगटावर बांधून कळते. म्हणून पहिल्या वर्षी मोठा खर्च टाळून तीन स्वस्त पण वेगळ्या जातीची घड्याळे घ्यावीत : एक क्वार्ट्झ, एक हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे ऑटोमॅटिक आणि एक रोज चावी द्यावी लागणारे. रोजची चावी काहींना पहिल्या आठवड्यातच जाच वाटू लागते, तर काहींना सकाळी त्या दोन मिनिटांवाचून चैन पडत नाही. केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची, रुंदी सगळेच पाहतात. परंतु पट्टा ज्या टोकांना अडकतो त्या वरच्या व खालच्या टोकांमधले अंतर आणि घड्याळाची जाडी या दोन मापांवर ते मनगटावर नीट बसेल की बाहीत अडकेल हे ठरते, म्हणून तीही विचारून घ्यावीत.

आता दुसऱ्या रकान्याकडे वळू. घड्याळाची खरेदी किंमत हा त्याच्यावरील खर्चाचा एक भाग असतो. समजा, एक घड्याळ १०० ला घेतले, दहा वर्षांत दोनदा प्रत्येकी १० देऊन ते उघडून स्वच्छ करून व तेल घालून घेतले, आणि विकताना मधल्या व्यापाऱ्याने पाचवा हिस्सा ठेवून घेतला. अशा वेळी घातलेले १२० नुसते परत मिळण्यासाठीसुद्धा बाजारभाव १५० व्हावा लागतो. यात विमा, तिजोरी आणि महागाई धरलेली नाही. नवे घड्याळ असेल तर बहुतेक वेळा दुकानाबाहेर पडतानाच त्याची पुनर्विक्रीची किंमत खाली आलेली असते, हेही यात मिळवावे.

लिलावांच्या बातम्या वाचताना हेच गणित हाताशी ठेवावे. पॅटेक फिलिप या स्विस कंपनीने हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकी बँकरसाठी घडवलेले आणि १९३३ मध्ये त्याच्या हवाली केलेले ‘सुपरकॉम्प्लिकेशन’ हे खिशातले घड्याळ १९९९ मध्ये सुमारे १.१ कोटी डॉलरना आणि २०१४ मध्ये सुमारे २.४ कोटी डॉलरना विकले गेले. वाचताना डोळे विस्फारतात. पण पंधरा वर्षांवर वाटून पाहिले तर चक्रवाढीने वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतात. शिवाय दोन्ही आकड्यांत खरेदीदाराने लिलावगृहाला दिलेली दलाली धरलेली असल्याने विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमीच आले असणार. जगातील सर्वांत नावाजलेल्या घड्याळांपैकी एकाचा हिशेब असा आहे.

उलट, हॉलिवूडचा अभिनेता पॉल न्यूमन याच्या मालकीचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १.७८ कोटी डॉलरना गेले, तेव्हा अनेकांनी आपापले कपाट उघडून पाहिले असेल. त्या घड्याळासारख्या तबकड्यांची डेटोना घड्याळे त्यांच्या काळी दुकानांत पडून राहत असत, म्हणून ती थोडी बनली आणि म्हणूनच आज दुर्मीळ आहेत. परंतु दुकानांत पडून राहिलेली इतर असंख्य घड्याळे आजही कुणाला नको आहेत. त्यांच्या बातम्या येत नाहीत एवढेच.

फॅशनच्या लाटेवर पैसे लावणे तर त्याहून धोक्याचे. घड्याळांचा रचनाकार जेराल्ड जेंटा याने रेखाटलेली दोन पोलादी घड्याळे, १९७२ चे ‘रॉयल ओक’ आणि १९७६ चे ‘नॉटिलस’, गेल्या काही वर्षांत फार मागणीत आली. २०२१ मध्ये पॅटेकने नॉटिलसचे ५७११ हे मॉडेल बंद केले आणि दुय्यम बाजारातील भाव २०२२ च्या सुरुवातीला छापील किमतीच्या कितीतरी पट झाले. त्याच वर्षी ते घसरूही लागले. शिखरावर ज्यांनी घेतले त्यांचे घड्याळ उत्तमच होते. चुकली होती ती वेळ. म्हणून प्रतीक्षायादीतील घड्याळ छापील किमतीत मिळाले तर विचार करावा, पण चढ्या भावात घेताना ते हौसेच्या रकान्यात मांडण्याची तयारी असावी.

जुन्या घड्याळांत भाव ठरतो तो अस्सलपणावर, आणि येथे मी स्वतः पैसे घालवले आहेत. साठच्या दशकातील एक चावीचे घड्याळ मी केवळ त्याची तबकडी ‘इतक्या वर्षांनीही नव्यासारखी’ आहे म्हणून घेतले. घरी आल्यावर दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले, तेव्हा मिनिटांच्या बारीक रेघा तासांच्या उठावदार खुणांशी जुळत नव्हत्या; चारच्या खुणेपाशी तर रेघ सरळ बाजूला सरकलेली होती. कंपनीच्या नावातील अक्षरांच्या कडा पसरलेल्या होत्या आणि सेकंदकाट्याच्या लहान वर्तुळाच्या कंगोऱ्यात रंग साचला होता. तबकडी पुन्हा रंगवलेली होती. मग केसकडे लक्ष गेले : पट्ट्याजवळच्या टोकांच्या धारदार कडा पॉलिश करकरून साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. हे सगळे दुकानात दोन मिनिटांत दिसले असते. माझे भिंग घरी होते.

अशी चूक केवळ हौशी माणसाची होते असेही नाही. २०२१ मध्ये जिनीव्हाच्या लिलावात १९५७ च्या घडणीचे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले, आणि घेणारे खुद्द ओमेगाचे संग्रहालय होते. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेले असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले.

म्हणून जुने घड्याळ तपासताना घाई करू नये. मागचे झाकण उघडून दाखवण्यास विकणारा नकार देत असेल तर तेथेच थांबावे. आतल्या यंत्रावरचा आणि केसवरचा क्रमांक टिपून घ्यावा आणि ते एकाच काळातील आहेत का ते पाहावे. काही कंपन्या जुन्या नोंदवह्यांतून उतारा देतात, तो महाग घड्याळासाठी अवश्य मागवावा. तबकडी, काटे आणि त्यांवरचा अंधारात चकाकणारा रंग यांचे वय एकसारखे दिसले पाहिजे : तबकडीवरील ठिपके पिवळसर आणि काट्यांवरचा रंग पांढराशुभ्र, तर काटे बदललेले असण्याचा संभव फार. साठच्या दशकापूर्वीच्या घड्याळांवर हा रंग रेडियम या किरणोत्सारी धातूचाही असू शकतो. असे घड्याळ स्वतः उघडू नये आणि रंग तर मुळीच खरवडू नये. पूर्ण चावी देऊन घड्याळजीकडील टाइमिंग यंत्रावर ठेवले असता निरोगी यंत्रातील मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चक्राचा झोका सर्वसाधारणपणे २७० ते ३१० अंश भरतो. तो २०० च्या आसपास असेल तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करून मागावा. दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळणारे घड्याळ मात्र नेहमी बिघडलेले असतेच असे नाही; बहुधा त्याला चुंबकत्व लागलेले असते आणि ते काही सेकंदांत काढता येते. ही गोष्ट ठाऊक असलेल्या खरेदीदाराला कधीकधी चांगले घड्याळ स्वस्तात मिळून जाते.

सांभाळण्याबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. तबकडीवर ‘३० मीटर’ लिहिले असले तरी ते घड्याळ पोहण्यासाठी नसते, आणि जुन्या घड्याळावरचा असा कोणताही आकडा मानूच नये, कारण आतले रबर कडक झालेले असते. न वापरल्या जाणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळातील सेल काढून ठेवावा. गळलेला सेल यंत्र खाऊन टाकतो. खोका, हमीपत्र आणि पावत्या जपाव्यात, परंतु घड्याळांसोबत एकाच जागी ठेवू नयेत, म्हणजे चोरी झालीच तर मालकी सिद्ध करण्याची साधने तरी हाती राहतात.

संग्रह दहा-बारा घड्याळांपर्यंत गेला की नवे घेण्यापूर्वी एक विकावे. त्यामुळे बाजार आपल्याला खरोखर काय देतो हे दरवर्षी कळत राहते, आणि दुसऱ्या रकान्यातील मनाने मांडलेले आकडे दुरुस्त होतात. विकताना दोष लेखी सांगावेत. ते तबकडी रंगवलेले घड्याळ मी तसे स्पष्ट लिहून विकले. घेतलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैसे आले, आणि ती तूट वहीच्या दुसऱ्या रकान्यात लाल शाईने मांडलेली आहे.